ठाण्याच्या रेल्वेआधी वाफेचं जहाज! कोण होते अर्देसर वाडिया?

बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली १८५३ मध्ये. त्याच्या २० वर्षं आधी मुंबईत अर्देसर करसेटजी वाडिया यांनी ६० टनी 'इंडस' जहाज बांधलं. त्यासाठी इंग्लंडहून १० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन मागवलं.

१८०८ मध्ये जन्मलेले अर्देसर जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्यातले, पण त्यांचा ओढा यंत्रांकडे होता.

इंजिन सुरू झालं नाही तर?
वाफेच्या इंजिनात आधी बॉयलरमधला दाब बघतात. मग सांध्यातून वाफ गळते का, सिलिंडरमध्ये पाणी साचलंय का, व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो का, हे तपासतात. भर समुद्रात बिघाड सापडला नाही, तर शिडं नसलेलं जहाज वाहवत जातं. म्हणूनच इंजिन जाणणाऱ्याला मोल होतं.

गोरे हाताखाली
१८४१ मध्ये अर्देसर रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता नेमलं. युरोपीय कामगार भारतीयाच्या हाताखाली, हे तेव्हा अनेकांना रुचलं नाही. तरीही अर्देसर यांनी १८५७ पर्यंत कारखाना सांभाळला.

१८७७ मध्ये इंग्लंडमधल्या रिचमंड इथे त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.