निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री

मराठ्यांच्या इतिहासात तलवारीने नाव मिळविणारे पुष्कळ झाले. निवाड्याने नाव मिळविणारे म्हटले, की रामशास्त्री प्रभुणेच आठवतात.

त्यांचे गाव साताऱ्याजवळचे माहुली. तरुणपणी ते एका सावकाराकडे नोकरीला होते व उशिरा काशीस जाऊन शास्त्री झाले, असे सांगतात. घरात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट धीर देते. १७५९ मध्ये ते पेशव्यांचे न्यायाधीश झाले. थोरले माधवराव जपतपात वेळ घालवू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीला जाण्याची रजा मागितली. राज्य करायचे नसेल तर आपणही चलावे, असे त्यांनी धन्याला सुनावले. माधवरावांनी ते मानले.

खरी कसोटी पुढेच होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर आले. शास्त्रीबुवांनी चौकशी करून त्यांनाच दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले.

पुढे रघुनाथरावांचे विरोधक असलेल्या बारभाईंच्या कारभारात ते परत आले. मग ते निःपक्षपाती कसे, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु निवाडा दिला तेव्हा बारभाईंची सत्ता नव्हती. सत्ता आरोपीच्याच हाती होती. बाजू घ्यायचीच असती, तर ती घेणे सोपे व फायद्याचे होते.

१७८९ मध्ये ते वारले. १८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने आरंभी पंचायती राखल्या. पण १८२७ च्या कायद्यानंतर कोर्टांचा जोर वाढला आणि पंचायती मागे पडल्या. आमच्या वाशीमकडे म्हातारी माणसे अजून ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात, मात्र शेताच्या बांधाचा तंटा कोर्टातच जातो.

त्या जुन्या न्यायाबद्दल मला सरसकट हळहळ वाटत नाही. तो जात पाहून चाले. त्या काळी आमच्यासारख्यांच्या मुलाला शास्त्री होता आले नसते. कायद्यापुढे सर्व समान, हे राज्यघटनेने दिले. न्यायखाते कारभाऱ्यांपासून वेगळे ठेवावे, असेही तिच्या ५० व्या कलमात आहे. शास्त्रीबुवांच्या पाठीशी असे एकही कलम नव्हते. म्हणून त्यांचा निवाडा खरा ठरला, तरी रघुनाथरावांना शिक्षा झाली नाही. आज कलम आहे. खुर्चीवर बसणाऱ्याजवळ रामशास्त्रींचा कणा तेवढा हवा.