कार्बोरेटरमागचा माणूस : विल्हेल्म मायबाख

मित्रांनो, आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीला टेकून एक जुनी येझदी उभी असायची, ती बऱ्याच जणांनी पाहिली असेल. थर्ड इयर मेकॅनिकलच्या आमच्या एका मित्राच्या वडिलांची ती गाडी. तुळजापूरकडच्या गावातून त्याने ती टेम्पोत घालून आणली, कारण ती चालतच नव्हती. शंभर किका मारल्या की एकदा सुरू व्हायची, काळा धूर सोडायची आणि मेसच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन बंद पडायची. वडिलांचं म्हणणं होतं की भंगारात द्या. मुलाचं म्हणणं होतं की एक संधी द्या.

एका रविवारी आम्ही चौघांनी ती खोलली. इंजिन ठणठणीत होतं. दुखणं सगळं नाकात होतं, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेवर! एअर फिल्टरचा कागद कधीच गेलेला आणि त्याच्या जागी कुणीतरी कापडाचा बोळा कोंबलेला. बालाघाटावरची धूळ त्यात इतकी बसली होती की हवा आत शिरायला जागाच नव्हती. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, म्हणून काळा धूर आणि काळा प्लग. फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत येणारा रबरी पाइप कडक होऊन तडकलेला. जिकोव्ह कार्बोरेटरच्या फ्लोटची पिन झिजल्यामुळे पेट्रोल ओव्हरफ्लो होत होतं. जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर साचलेला.

पुढची कामं तुम्हाला माहीत आहेत. सगळे भाग पेट्रोलमध्ये भिजवले. जेटमध्ये तार घालायची नाही, हे आमच्या वर्कशॉपच्या सरांनी आधीच बजावलं होतं. पितळ मऊ असतं, भोक एका केसाएवढं जरी मोठं झालं तरी मिश्रणाचं गणित बिघडतं. म्हणून जेट हवेच्या दाबानेच साफ केले. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलेलं नाही याची खात्री केली. फ्लँज वाकली होती, ती जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केली. पिन, पॅकिंग आणि रबरी पाइप नवे घातले. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि गाडी उभी राहिली की ओलही धरतं, म्हणून रबर नवंच हवं. गंमत बघा, आपल्या भागातल्या उसापासूनही हेच इथेनॉल बनतं!

हात काळे करून बसलो असताना मनात आलं, की ही एवढीशी पितळी-जस्ती डबी पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली असेल? उत्तर शोधायला लायब्ररीत गेलो आणि एका माणसाची गोष्ट हाती लागली. ती आपल्या होस्टेलच्या पोरांनी वाचलीच पाहिजे, असं वाटलं. म्हणून हा लेख.

विल्हेल्म मायबाख याचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी झाला. वडील सुतारकाम करायचे. पाच भावंडं, बेताची परिस्थिती. विल्हेल्म दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही वारले. पोरांना सांभाळणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मदतीसाठी वर्तमानपत्रातून आवाहन करावं लागलं. रॉयटलिंगन गावात गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने ‘ब्रूडरहाउस’ ही संस्था चालवली होती. तिथे अनाथ मुलांना आसरा मिळायचा, पण नुसतं जेवण नाही तर हाताला कामही मिळायचं. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. आपल्याकडे पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये मुलांना श्रम करत शिकवलं, त्याच जातीचं हे काम म्हणायला हरकत नाही.

विल्हेल्मची चित्रकला आणि यंत्रांची ओढ वेर्नर यांच्या लक्षात आली. पंधराव्या वर्षी त्याला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये बसवलं. दिवसा ड्रॉइंग बोर्ड आणि संध्याकाळी गावातल्या शाळेत गणित-फिजिक्सचे वर्ग. कॉलेजची डिग्री त्याच्या नशिबात नव्हतीच.

याच कारखान्यात गॉटलिब डाइम्लर हे इंजिनिअर व्यवस्थापक म्हणून आले. १८६५ च्या सुमारास त्यांची नजर या एकोणीस वर्षांच्या अबोल पोरावर पडली. डाइम्लर त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, शिकलेले आणि तापट. हा पोरगा शांत, पण सांगितलेली कल्पना कागदावर उतरवून, तिच्यातली चूक काढून, चालणारं यंत्र हातात देणारा. ही जोडी पस्तीस वर्षं टिकली. डाइम्लर कार्लस्रूहेला गेले, मायबाख मागोमाग गेले. १८७२ मध्ये डाइम्लर डॉइट्झच्या गॅस इंजिन कारखान्यात गेले, मायबाखही तिथे पोहोचले आणि लवकरच डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. हा कारखाना निकोलाउस ऑटो यांचा. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरमध्ये आपण ज्यांच्या नावाची सायकल काढतो, तेच ऑटो! १८७६ मध्ये ऑटो यांचं फोर-स्ट्रोक इंजिन तयार झालं. ते कारखान्यात नीट बनवण्याजोगं करण्यात मायबाख यांचा मोठा हात होता.

पण ते इंजिन अवजड, एका जागी बसवलेलं आणि गॅसवर चालणारं. मिनिटाला दोनशे फेऱ्यासुद्धा व्हायच्या नाहीत. डाइम्लर आणि मायबाख यांना हवं होतं हलकं आणि वेगवान इंजिन, जे गाडीवर बसेल. मतभेद होऊन डाइम्लर १८८२ मध्ये बाहेर पडले आणि श्टुटगार्टजवळच्या कानस्टाटला त्यांनी घर घेतलं. बागेत झाडांसाठी काचघर होतं, तेच वाढवून वर्कशॉप केलं. मायबाख कुटुंबासह तिथे आले. दोघं दार लावून रात्रंदिवस आत काम करायचे. माळ्याला संशय आला की मालक खोटी नाणी पाडतात! त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा आत सापडली फक्त हत्यारं आणि इंजिनाचे भाग.

या काचघरातून १८८५ मध्ये एक उभं, छोटं इंजिन बाहेर आलं. २६४ सीसी, अर्धा हॉर्सपॉवर आणि मिनिटाला ६०० फेऱ्या. ते त्यांनी लाकडी सांगाड्यात बसवलं, लाकडी चाकांना लोखंडी धावा मारल्या आणि पडू नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं लावली. हीच ‘राइटवागन’, जगातली पहिली पेट्रोल मोटारसायकल मानली जाते. त्याच नोव्हेंबरमध्ये डाइम्लर यांच्या मुलाने ती कानस्टाटहून उंटरटुर्कहाइमपर्यंत चालवली. वेग ताशी साधारण १२ किलोमीटर. इंजिनाची तापलेली इग्निशन नळी सीटखालीच होती, त्यामुळे वाटेत सीटने पेट घेतला असंही सांगतात. त्याच वर्षी आपल्याकडे पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं आणि मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली, म्हणजे काळ ध्यानात येईल.

आता मूळ मुद्दा, हवेचा. गॅसवर इंजिन चालवणं सोपं, कारण गॅस आणि हवा सहज मिसळतात. पेट्रोल हा द्रव. तो तेव्हा केमिस्टच्या दुकानात कपड्यांचे डाग काढायला मिळायचा. त्याची वाफ करून हवेत मिसळायची कशी? मायबाख यांनी पहिल्या गाड्यांना सरफेस कार्बोरेटर बसवला. म्हणजे साठलेल्या पेट्रोलमधून किंवा त्याच्या पृष्ठभागावरून हवा न्यायची आणि तिने जाताना वाफ घेऊन जायचं. पण यात अडचण अशी की पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जातो आणि जड भाग खाली राहतो. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त, खड्ड्यातून गेलं की भलतीच. ऑटो-टेक्नॉलॉजीत आपण शिकतो की १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण हिंदकळणाऱ्या डब्यावर सोपवून कसं चालेल?

याचं उत्तर शोधतानाचा काळ मायबाख यांच्या आयुष्यात कठीण होता. १८९० च्या अखेरीस डाइम्लर कंपनी स्थापन झाली. पैसा नव्या भागीदारांचा, त्यामुळे हुकूमही त्यांचाच. मायबाख यांना देऊ केलेला करार त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. १८९१ च्या फेब्रुवारीत त्यांनी कंपनी सोडली. ज्याने इंजिनाचं ड्रॉइंग काढलं, तोच दाराबाहेर! आधी राहत्या घरात आणि मग कानस्टाटच्या हॉटेल हेर्मानच्या रिकाम्या नाचघरात त्यांनी काम चालू ठेवलं. खर्चाची बाजू डाइम्लर यांनी सांभाळली, कारण भागीदारांशी त्यांचंही पटत नव्हतं.

त्या नाचघरात १८९३ मध्ये स्प्रे कार्बोरेटर तयार झाला. कल्पना साधी. पेट्रोल वाफेत काढत बसायचं नाही, बारीक जेटमधून त्याचा फवाराच हवेत सोडायचा. इंजिन हवा ओढतं, जेटपाशी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. फर्स्ट इयरला घोकलेला बर्नोली तो हाच! हवा जास्त ओढली की पेट्रोलही जास्त येतं. आणि जेटच्या तोंडाशी पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून शेजारी फ्लोटचा डबा. पेट्रोल भरलं की फ्लोट वर जातो आणि पिन वाट बंद करते. आमच्या येझदीची झिजलेली पिन हेच काम करत नव्हती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. याच १८९३ मध्ये हंगेरीत डोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनीही अशाच फवाऱ्याच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं होतं. गरज सगळ्यांना सारखीच जाणवत असली की शोध एकाच वेळी दोन गावांत लागतात. मायबाख यांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही.

डाइम्लर आणि मायबाख यांच्याशिवाय कंपनीचं चालेना. १८९५ मध्ये दोघांना परत बोलावलं आणि मायबाख तांत्रिक प्रमुख झाले. ६ मार्च १९०० रोजी डाइम्लर वारले. त्याच वर्षी एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मागणीवरून मायबाख यांनी ३५ हॉर्सपॉवरची नवी गाडी बनवली. बुटकी, लांब, दाबलेल्या स्टीलच्या चॅसिसची आणि मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरची. त्या रेडिएटरमध्ये ८,००० हून जास्त बारीक नळ्या होत्या. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतीत या गाडीने बाकीच्यांची धूळधाण केली. येलिनेकच्या मुलीचं नाव गाडीला मिळालं, मर्सिडीज.

इथे जरा थांबा मित्रांनो. सायकलला नाव ऑटोंचं, कंपनीला नाव डाइम्लरांचं आणि गाडीला नाव व्यापाऱ्याच्या मुलीचं. ड्रॉइंग बोर्डवर वाकलेल्या माणसाचं नाव कुठेच नाही! पुढे तर कंपनीत त्यांना बाजूला सारलं गेलं आणि १९०७ मध्ये त्यांनी ती कायमची सोडली. तेव्हा वय एकसष्ट. आपल्याकडे एव्हाना निवृत्तीचा नारळ हातात पडलेला असतो.

मायबाख मात्र थांबले नाहीत. १९०९ मध्ये मुलगा कार्ल याच्याबरोबर त्यांनी झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवणारा कारखाना सुरू केला. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्र विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. कॉलेजची डिग्री नसलेला अनाथाश्रमातला मुलगा सत्तराव्या वर्षी डॉक्टर झाला. १९२१ पासून कार्लने बनवलेल्या मोटारींवर अखेर ‘मायबाख’ हे नाव आलं. २९ डिसेंबर १९२९ रोजी, ८३ व्या वर्षी, ते वारले. कानस्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइम्लर आहेत, तिथेच त्यांनाही विसावा मिळाला.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता सेन्सर आणि इंजेक्टर ते काम करतात. मग हे कशाला शिकायचं, असं कुणी विचारेल. पण कॉम्प्युटरसुद्धा तोच हिशोब करतो, हवा किती आली आणि पेट्रोल किती द्यायचं. प्रश्न मायबाख यांचाच आहे, उत्तर लिहिणारा बदलला.

आपल्यातले कितीतरी जण कोरडवाहू शेतीतून, एकट्या आईच्या कष्टावर किंवा ‘कमवा आणि शिका’च्या पैशावर इथे आले आहेत. मार्कलिस्ट, इंग्रजी आणि प्लेसमेंट यांच्या धास्तीने रात्री झोप येत नाही, हे रूममेटला माहीत असतं. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की ड्रॉइंग हॉलमधली ती टेबलं कमी समजू नका. एका पोरक्या मुलाने तिथूनच सुरुवात केली होती.

आणि हो, येझदी! त्या रविवारी संध्याकाळी तिसऱ्या किकेला सुरू झाली. धूर निळसर-पांढरा, टू-स्ट्रोकला शोभेल असा. मित्राने आधी वडिलांना फोन लावला आणि मोबाईल नुसता सायलेन्सरजवळ धरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. गाडी भंगारात द्यायचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.