बगदादचे दुसरे गुरू

इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्ये अबू नसर अल फाराबी तर्कशास्त्र शिकत होते. विद्यार्थी मुस्लिम, तर गुरू युहन्ना इब्न हैलान ख्रिस्ती. त्या शहरात ग्रीक ग्रंथांचे अरबी भाषांतर करणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती पंडित मोठ्या संख्येने होते आणि ज्ञान हवे असणारा त्यांच्या दारी जाई.

फाराबींचा जन्म सुमारे 870 सालचा, मध्य आशियातला मानतात. अॅरिस्टॉटलनंतरचे थोर शिक्षक म्हणून पुढे लोक त्यांना ‘दुसरे गुरू’ म्हणू लागले.

काळ मात्र अशांततेचा होता. 932 साली खलिफा मुक्तदिर लढाईत मारला गेला. विद्वानांतही दुही होती. ग्रीकांचे तर्कशास्त्र अरबांना कशाला हवे, असा वाद वजीराच्या दरबारापर्यंत पोहोचला. फाराबींनी यात मध्यममार्ग दाखवला. व्याकरण प्रत्येक भाषेचे वेगळे असते, पण विचार करण्याचे नियम साऱ्या माणसांचे एकच, असे त्यांनी मांडले. व्याकरणकार इब्न अल सर्राज यांच्याकडून ते व्याकरण शिकले आणि बदल्यात त्यांना तर्कशास्त्र शिकवले, असे जुने चरित्रकार नोंदवतात.

942 साली बगदाद सोडून ते सीरियाकडे गेले. सोबत आदर्श नगरावरचा अपुरा ग्रंथ होता. तो दमास्कसमध्ये पूर्ण झाला. कोणीही माणूस आपल्या गरजा एकट्याने भागवू शकत नाही, म्हणून नगर हवे, ही त्याची सुरुवात. केवळ संपत्ती, मानमरातब किंवा दुसऱ्यावर सत्ता यांच्यामागे धावणारे नगर त्यांनी अज्ञानी ठरवले. निरनिराळ्या समाजांचे धर्म वेगळे असले, तरी ते सारे एकाच कल्याणाकडे जाऊ शकतात, हेही त्यांनी लिहिले.

शिकवण जशी घेतली तशीच त्यांनी दिली. त्यांचे शिष्य याह्या इब्न अदी ख्रिस्ती होते. पुढे बगदादच्या तर्कशास्त्राची धुरा याह्यांनी सांभाळली आणि त्यांच्याकडे मुस्लिम आणि ख्रिस्ती दोघेही शिकले.

950च्या सुमारास फाराबी दमास्कसमध्ये वारले. काही दशकांनी बुखाऱ्यात तरुण इब्न सीना अॅरिस्टॉटलचा एक ग्रंथ चाळीस वेळा वाचूनही अडला होता. बाजारात तीन दिरहमला मिळालेल्या फाराबींच्या पुस्तिकेने त्याची गाठ सोडवली. दुसऱ्या दिवशी त्याने अल्लाहचे आभार मानत गरिबांना भरपूर सदका वाटला. ज्ञान मिळाल्याची कृतज्ञता अशी परक्या भुकेल्याच्या हाती पोहोचली.