कर्मवीर भाऊराव पाटील : बोर्डिंगमधून बाहेर पडलेला विद्यार्थी

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज हे गाव बाहुबलीच्या डोंगरामुळे सर्व जैन बांधवांना परिचित आहे. याच गावी दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. वडील पायगौंडा पाटील सरकारी नोकरीत होते, मातोश्री गंगाबाई धर्मपरायण होत्या. घराण्याचे मूळ दक्षिणेतील मूडबिद्रीचे. पुढे ते सांगली भागातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून विहिरीचा रहाटच मोडून टाकणारा हा मुलगा लहानपणापासून बंडखोर होता.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला गेले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना उत्तेजन दिल्याचा तो काळ होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करूनच आत यावे, असा त्यांना आदेश झाला. त्यांनी तो मानला नाही आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. जैन समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग गाळून पुढे जाणे सोपे आहे, पण तो गाळला तर भाऊरावांचे पुढचे आयुष्य समजतच नाही. चालीरीती त्या काळच्या होत्या हे खरे. परंतु अहिंसा आणि अपरिग्रह यांचे पाठ घेतलेल्या घरातील मुलाला माणसाचा विटाळ मान्य होईना, हेही तितकेच खरे. बोर्डिंगचे दार बंद झाले, तेव्हा शाहू महाराजांचा आश्रय लाभला. शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या पुढे गेले नाही.

१९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. कोठडीत त्यांचे अतोनात हाल झाले, तरी त्यांनी साक्ष दिली नाही. ज्या बोर्डिंगच्या जडणघडणीत लठ्ठे यांचा मोठा वाटा होता, त्याच बोर्डिंगने आपल्याला दूर केले होते, हे भाऊराव विसरले नसतील. सूड उगवण्याची संधी चालून आली असता त्यांनी मार खाणे पसंत केले. क्षमाधर्माचे याहून उघड उदाहरण शोधावे लागेल.

चरितार्थासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. विक्रेता म्हणून ते वाकबगार होते. त्याच मार्गाने गेले असते तर संपन्न गृहस्थ म्हणून त्यांची गणना झाली असती. पण नांगर विकताना शेतकऱ्याच्या घरातील अज्ञान आणि कर्जबाजारीपणा त्यांना जवळून दिसला. दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले.

याच सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या थंड हवेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निवासी शाळा निघाल्या होत्या. तेथे युरोपियन आणि धनिकांची मुले शिकत, पुढे परदेशातूनही मुले येऊ लागली. डोंगराखाली धनिणीच्या बागेत भाऊरावांचे बोर्डिंग भरले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत भाकरी खात. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम सारे मुलेच करीत. फी भरण्यास पैसा नसला तरी अंगमेहनत तर आहे, हा त्यांचा साधा हिशेब होता, आणि त्यातूनच कमवा व शिका ही योजना आकारास आली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव त्याच वेळचे.

या संसाराचा खरा भार मात्र सौ. लक्ष्मीबाईंनी उचलला. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेली ही जैन घरातील स्त्री परजातीच्या मुलांची आई झाली. कोठार रिकामे झाले की माहेरून आलेला एकेक दागिना बाजारात जाई. भाऊराव बाहेरगावी असताना एकदा मुलांना जेवू घालण्यास काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्र मोडून धान्य आणविले. व्यापारी माणसाला सोन्याचा भाव कळतो. त्या दिवशी बाजारात आलेल्या त्या सोन्याचा भाव मात्र कोणत्याही वहीत मांडता यायचा नाही. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेचे वैभव त्यांनी पाहिलेच नाही.

त्यानंतर १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज अशी संस्था वाढत गेली. मध्यंतरी मतभेदांमुळे सरकारी अनुदान बंद पडले, तेव्हा मुष्टिफंडाने संस्था तरली. घरोघरच्या माउलींनी दळणातून बाजूला काढलेली मूठ मूठ धान्याची पोती बोर्डिंगकडे चालू लागली.

१९५९ च्या प्रारंभी भाऊरावांना पद्मभूषण किताब मिळाला आणि पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. इंग्रजी सहावीत शाळा सुटलेला विद्यार्थी त्या वेळी अंथरुणाला खिळलेला होता. दि. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. तोवर संस्थेची ३८ वसतिगृहे आणि शंभरावर हायस्कुले झाली होती. साताऱ्यात, आपल्या मुलांच्या वर्दळीतच त्यांची समाधी आहे.