मातीशी नाते जोडणारे विनोबा

आपल्या बन्नीमंटपाचे नावच मुळी एका झाडावरून पडले आहे. बन्नी म्हणजे शमी. पांडवांनी अज्ञातवासात जाताना आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली होती. त्या कथेला धरून विजयादशमीच्या दिवशी राजवाड्यातून निघालेली जंबू सवारी येथे येऊन पोहोचते. महाराष्ट्रात आपण आपट्याची पाने वाटतो, इकडे बन्नीची पाने वाटतात, आणि हीच शमी गणपतीच्या एकवीस पत्रींमध्येही आहे. सणाला झाडापुढे हात जोडण्याची रीत मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सारखीच. प्रश्न एवढाच, की हात जोडून झाल्यावर उरलेले वर्षभर आपण निसर्गाशी कसे वागतो? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या जगण्यातून दिले, त्या आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्राची या बाजूने थोडक्यात ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. त्यांच्या आई रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातल्या. तुळशीला पाणी घातल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही, झाडाचा फणस आधी शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवायचा आणि मग आपण खायचा, हे संस्कार लहानग्या विन्याला आईकडून मिळाले.

आजोबा शंभुराव मोठे भाविक होते. त्यांच्या घरी गणपती बाजारातून येत नसे. मुले चंदन उगाळून देत आणि त्या गंधातून आजोबा स्वतः मूर्ती घडवीत. काही दिवस मनोभावे पूजा झाली की तिचे विसर्जन होई. एवढ्या कष्टाने घडवलेली मूर्ती पाण्यात का सोडायची, याचे लहान विनायकाला वाईट वाटे. जे निसर्गातून घेतले ते निसर्गाला परत द्यायचे आणि त्यात मन गुंतवून ठेवायचे नाही, हा त्यातला अर्थ त्यांना मोठेपणी उमगला. एकदा पूजा चालू असताना देवावर विंचू येऊन बसला. घरातली माणसे मारायला धावली, पण तो देवाला शरण आला आहे असे सांगून आजोबांनी कोणालाही हात लावू दिला नाही. पूजा शांतपणे चालू राहिली आणि विंचूही आपल्या वाटेने निघून गेला.

पुढे कुटुंब बडोद्याला गेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेलाच गाडीतून उतरले आणि ब्रह्मज्ञानाच्या ओढीने काशीला गेले. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. तब्येत मुळातच नाजूक होती. १९१७ मध्ये एका वर्षाची रजा घेऊन ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्त शिकायला गेले. तेथे अभ्यासाबरोबर त्यांनी शरीरही घडवले. रोज मैलोन्मैल चालणे, जात्यावर दळणे आणि सूर्यनमस्कार, हेच त्यांचे औषध. महाराष्ट्रात पायी फिरून, गीतेवर प्रवचने देऊन, ठरल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. वेळापत्रकाशी जन्माची गाठ पडलेल्या आम्हा रेल्वेवाल्यांना या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते!

१९२१ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली. पुढची सतरा वर्षे अखंड श्रमाची, सूतकताईची आणि तुरुंगवासाची. शेवटी १९३८ मध्ये शरीर पार थकले. वजन अवघे ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो राहिले. गांधीजींना काळजी वाटू लागली. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहावे असे सर्वांचे मत पडले. विनोबांनी मात्र वर्ध्यापासून चार-पाच मैलांवरचे पवनार निवडले. तेथे धाम नदीकाठच्या टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता.

७ मार्च १९३८ रोजी ते पवनारला निघाले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाच्या साऱ्या चिंता सोडून दिल्याचा मनोमन तीन वेळा संकल्प केला. विश्रांतीला आलेल्या या माणसाने मग हातात कुदळ घेतली. पहिल्या दिवशी थोडा वेळ खणायचे, दुसऱ्या दिवशी त्याहून किंचित जास्त, असे करत ते वाढवत नेले. मधूनमधून थांबायचे, मोकळ्या आकाशाखाली स्वस्थ बसायचे, साधा आहार घ्यायचा आणि मनात कसलाही विचार घोळवायचा नाही. दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढून १२८ पौंडांवर गेले. याच खोदकामात जमिनीतून राम-भरत भेटीचे जुने शिल्प वर आले, ते आजही पवनारच्या आश्रमात आहे. मातीने आरोग्य दिले आणि देवही दिला, असेच म्हणायला हवे. धाम नदीच्या पलीकडचे म्हणून त्या जागेचे नाव परंधाम झाले.

शरीराला लागणाऱ्या गोष्टींची विनोबांनी लावलेली क्रमवारी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सर्वांत आधी आकाश, म्हणजे मोकळी जागा, त्यानंतर हवा, सूर्यप्रकाश आणि पाणी, आणि अन्न सर्वांत शेवटी. आपण नेमके उलटे करतो. जेवणाची काळजी पहिली, आणि आकाशाकडे पाहायला तर सवडच नाही.

१९४६ पासून जवळपास दोन वर्षे ते रोज खांद्यावर फावडे घेऊन पवनारहून सुरगावला पायी जात आणि गावातला मैला उचलत. मैल्यावर माती टाकली की त्याचे सोनखत होते आणि शेताला मिळते, हे त्यांनी लोकांना करून दाखवले. १९५० च्या सुमारास पवनारला पैशावाचून जगण्याचा कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. बैलांशिवाय, केवळ हातांनी करायची ऋषिशेती त्यातूनच आली. विहीर आश्रमवासीयांनी खणली आणि रहाटही स्वतःच ढकलला.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले शंभर एकर भूदान मिळाले आणि पदयात्रा सुरू झाली. ती तेरा वर्षे चालली. पोटात अल्सर असलेला हा माणूस दही-दूध आणि गुळावर राहून पहाटेच्या अंधारात चालू लागे. १९५७ साली केरळमधून ते आपल्या भागात आले. त्या वर्षी २१ व २२ सप्टेंबरला म्हैसूरजवळ हुणसूर रस्त्यावरील येलवाल येथे ग्रामदान परिषद भरली. पंतप्रधान नेहरू आणि केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रीपाद हे दोघेही तिला उपस्थित होते. पाणी, हवा आणि प्रकाश यांच्याप्रमाणे जमीनही कोणा एकाच्या मालकीची नाही, ही विनोबांची मूळ कल्पना. दान मिळालेली बरीचशी जमीन पुढे वाटली गेली नाही, हेही खरे आहे. तरी पायी हिंडून लाखो एकर जमीन मागून मिळवणारा दुसरा माणूस आपल्या पाहण्यात नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १९५२ च्या डिसेंबरात चांडिल येथे त्यांना घातक मलेरिया झाला. औषध घ्यायला त्यांनी आधी नकार दिला, परंतु नेत्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या आग्रहापुढे शेवटी औषध घेतले. निसर्गावर श्रद्धा असावी, हट्ट असू नये, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा. आजारपणात डॉक्टरांचे जरूर ऐकावे.

१९६४ मध्ये ते पवनारला परतले आणि १९७० पासून क्षेत्रसंन्यास घेऊन तेथेच राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर रोजी, ऐन दिवाळीत, शांतपणे देह ठेवला. धाम नदीच्या काठीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

विनोबांसारखे जगणे आपल्याला झेपणार नाही. घर, नोकरी, शिफ्ट ड्यूटी, मुलांची शिक्षणे सांभाळताना कांचनमुक्ती कुठून आणणार? पण कुंडीतल्या मातीत हात घालणे, पहाटे अर्धा तास मोकळ्या आकाशाखाली चालणे आणि चालताना कामाच्या चिंता विनोबांप्रमाणे पुलावरच सोडून देणे, एवढे तर आपल्या हाती आहे. मूर्ती शाडूची आणावी, निर्माल्य पाण्यात न टाकता झाडाच्या बुंध्याशी घालावे. निसर्गाकडे आपण विश्रांतीसाठी पाहुणे म्हणून जातो, विनोबा मात्र कामासाठी घरच्यासारखे गेले. म्हणून त्याने त्यांना शरीर आणि मन दोन्ही परत दिले.

येलवाल आपल्यापासून फार दूर नाही. एखाद्या रविवारी मुलांना तिकडे घेऊन जावे आणि या मराठी संताचे पाय आपल्या या मातीला लागले होते, हे त्यांना सांगावे. ती सद्बुद्धी आणि निरामय आरोग्य गणरायाने आपणा सर्वांना द्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥