आधी चूल पेटली, मग शाळा वाढली : कर्मवीर अण्णांची गोष्ट

सातारा : 'रयत'च्या शाळेत शिकलेला माणूस आपल्या भागात जवळपास प्रत्येक भावकीत सापडतो. शाळेच्या भिंतीवरचा पांढऱ्या दाढीतला कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटोही सगळ्यांच्या ओळखीचा. पण अण्णांनी आधी शाळा नाही, बोर्डिंग काढलं होतं, हे आजच्या पोरांना फारसं माहीत नसतं. त्यांचं सगळं काम तिथूनच समजून घ्यावं लागतं.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. जैन शेतकरी घराणं, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते. शिकायला पोरगा कोल्हापूरला गेला आणि जैन बोर्डिंगात राहिला. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पंगतीत बसता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही, म्हणून बोर्डिंग सोडावं लागलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. पुढं मॅट्रिक काही झालं नाही. ज्या माणसानं हजारो पोरं शिकवली, तो स्वतः मॅट्रिकही नव्हता.

नंतर एका शाळेत त्यांना एक दलित मुलगा वर्गाबाहेर बसून शिकताना दिसला. ज्ञानदेव घोलप त्याचं नाव. भाऊरावांनी त्याला सोबत घेतलं आणि कोल्हापूरला मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवलं. हाच मुलगा पुढं मुंबईच्या विधिमंडळात सदस्य झाला. वर्गाच्या दाराबाहेर आणि वर्गाच्या आत यात किती अंतर असतं, ते यावरून कळतं.

पोटासाठी भाऊरावांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री केली. त्या निमित्तानं गावंच्या गावं पालथी घातली. कुणब्याचं घर आतून बघितलं. पोरगं हुशार आहे, पण शाळा लांब. शहरात ठेवायचं तर राहायचं कुठं आणि खायचं काय? नुसती शाळा उघडून हा प्रश्न सुटणार नव्हता. आधी राहायची आणि दोन वेळच्या भाकरीची सोय लागणार होती.

4 ऑक्टोबर 1919 ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 ला ती साताऱ्यात आली. तिथल्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र राहत. स्वयंपाक एकत्र, जेवणाची पंगत एकच. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. गावोगावी टीका झाली, पण पंगत मोडली नाही. 25 फेब्रुवारी 1927 ला महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

पोरं वाढत गेली, पैसा मात्र नव्हता. इथं लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या सोवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. तरी सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी आईसारखं सांभाळलं. धान्य संपलं की अंगावरचा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही मोडलं, पण पोरं उपाशी झोपू दिली नाहीत. 1930 ला त्या गेल्या. आज लोक त्यांना रयतमाउली म्हणतात.

अण्णांना फुकट खाणं मान्य नव्हतं आणि पैसे नाहीत म्हणून पोरगं परत पाठवणंही मान्य नव्हतं. यातून 'कमवा आणि शिका' उभं राहिलं. पोरांनी शेतात राबायचं, दगड फोडायचे, बांधकामाला हात लावायचा आणि त्या कष्टावर शिकायचं. गरिबाकडं फी नसते, पण मनगट असतं, हा त्यामागचा हिशोब होता. गावातले लोक पैसे नसतील तर धान्य देत.

पुढचा प्रश्न मास्तरांचा. वाडीवस्तीवर जायला शहरातला मास्तर तयार होत नसे. म्हणून 1935 ला साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढलं. तिथं गावाकडचीच पोरं मास्तर झाली आणि शाळा नसलेल्या वाड्यांवर शिकवायला गेली. मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय झालं. 1940 ला महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज आणि 1954 ला कराडला गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं 101 हायस्कूलं काढायचा संकल्प अण्णांनी केला. त्याच काळात सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं अनुदान बंद झालं. अण्णा झुकले नाहीत. ते लोकांकडं गेले आणि लोकांनी संस्था तगवली. अनुदान नंतर परत सुरू झालं.

1959 ला पद्मभूषण मिळालं. पुणे विद्यापीठानं मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी. लिट. दिली. त्याच वर्षी 9 मे रोजी अण्णा गेले.

आज गावात शाळा आहे, हातात मोबाईल आहे. तरी ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोरगं सहा महिने वर्गात नसतं. गावात बारावीपर्यंतची सोय नसली की पोरीचं शिक्षण दहावीला थांबतं. कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, याची चर्चा वाडीवस्तीवर चालूच आहे. अण्णांच्या जयंतीला हार घालताना गावानं एवढं तरी मोजावं : आपल्या गावातली किती पोरं अजून वर्गाच्या दाराबाहेर आहेत, आणि त्यांना आत आणायला नेमकं काय कमी पडतंय. भाकरी, राहायची जागा, एसटी की मास्तर? अण्णांनी कामाला सुरुवात याच प्रश्नापासून केली होती.