नायगावची लेक : एकेका मुलाला शोधत गेलेली शाळा

आपल्या खंडाळा तालुक्यात शाळा शिकलेल्या माणसाला नायगाव आणि सावित्रीबाई फुले ही नावे वेगळी सांगावी लागत नाहीत. जयंतीला भाषणे होतात, प्रतिमेला हार पडतो. पण बाईंनी शिक्षिका म्हणून नेमके काय केले, हे त्या भाषणांत बरेचदा राहून जाते. आज नातवंडांना शाळेत घालायला गेलो की माहितीपत्रकात प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष दिले जाईल असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हेच काम आपल्या तालुक्याच्या लेकीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका खासगी शाळेत सुरू केले होते. म्हणून या स्मरणिकेत, वर्गमित्रांच्या आणि गुरुजनांच्या साक्षीने, त्यांची आठवण करावीशी वाटली.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. वडील नायगावचे खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली नवव्या वर्षी त्यांचे लग्न तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवले. सगुणाबाई क्षीरसागर यांचा त्या घराला मोठा आधार होता. नंतर अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. म्हणजे त्या उशिरा शिकल्या आणि सुरुवातीला घरीच शिकल्या. सगळ्यांची पाटी एकाच दिवशी भरत नाही, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरली नसावी.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. वाटेत अंगावर शेण-चिखल पडे, म्हणून त्या जास्तीचे लुगडे बरोबर ठेवत, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. १८४९ मध्ये या कामापायी दोघांना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. पण बाहेरचा विरोध सोसणे हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम वर्गात होते, कारण प्रत्येक मुलाची अडचण वेगळी होती. मुलगी शाळेत गेली तर घरकामाचे दोन हात कमी होतात, अशा घरांतल्या मुली टिकाव्यात म्हणून विद्यावेतन दिले गेले. ज्यांना कुठल्याच शाळेच्या दारात उभे करत नसत, त्या महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी १८५५ मध्ये रात्रीची शाळा सुरू झाली. मुलाने शाळेच्या वेळेत आणि साच्यात बसावे असा हट्ट नव्हता, तर शाळाच आपली वेळ, जागा आणि रीत बदलत होती.

त्याचे फळ काय, हे मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने दाखवले. मांग समाजातल्या या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय पत्रात छापून आला. पाठ केलेले उतरवून असा निबंध होत नाही. आपल्या मनातले विचारू दे, अशी मोकळीक वर्गात असल्याशिवाय मुलगी असे लिहीत नाही.

हे सारे पुण्यात घडले आणि माहेर मात्र सुखाने पाहत होते, असे समजू नये. १८५६ साली आजारपणात त्या माहेरी होत्या, तेव्हा सख्ख्या भावानेच महार-मांगांना शिकवण्यावरून त्यांना दोष दिला. त्यांनी भावाला तिथेच खडसावले आणि ते सगळे जोतीरावांना पत्रातून कळवले. १८६८ च्या पत्रावर तर नायगाव, पेटा खंडाळा असाच पत्ता आहे. जातीबाहेर प्रेम केलेल्या एका तरुण-तरुणीला गावकरी मारायला निघाले होते. बाईंनी कायद्याचा धाक दाखवून दोघांचा जीव वाचवला, ही हकीकत त्यात आहे. आपल्या तालुक्याचा अभिमान मिरवताना हा भागही लक्षात ठेवायला हवा.

१८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, त्यात शेती आणि आरोग्याची माहिती असावी, आणि शिक्षक गरज पडल्यास नांगराची मूठ धरायला न लाजणारे असावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दोघांनी मिळून चालवलेल्या शाळांचा अनुभव त्यामागे होता.

मूलबाळ नसलेल्या या दांपत्याने एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले आणि डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगमध्ये यशवंतांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

वैयक्तिक लक्ष म्हणजे काय, याचा अर्थ शोधायला आपल्याला लांब जायला नको. मित्रहो, मेळाव्यात जुने हजेरीपट आठवताना चौथीनंतर ज्यांची नावे पुन्हा पुकारली गेली नाहीत, त्यांचीही चौकशी करू या. कोण गुरे राखायला गेले, कोणाचे लग्न लागले, कोण मुंबईला कामाला लागले, हे आपल्यातल्याच कोणाला तरी ठाऊक असेल. आजच्या वर्गांतली अशी नावे वेळीच कळली, तर आपल्या निधीतून एकेकाला हात देता येईल.